स्वल्पविराम कुणाचा?

आंबेडकरी चळवळीत कवितांची टंचाई कधीच नव्हती. १४ एप्रिल असो, १४ ऑक्टोबर असो की ६ डिसेंबर, मंच उभा राहिला की कविसंमेलन ठरलेले. पत्रिकेवर तीस-चाळीस कवींची नावे, प्रत्येकाला दोन कविता, सूत्रसंचालकाच्या चार ओळी, टाळ्या, शाल, पुष्पगुच्छ आणि शेवटी सामूहिक फोटो. रात्री बारा वाजता सतरंज्या गुंडाळल्या जातात. त्या चाळीस कवितांपैकी एखादीवर तरी कुणी कुणाला काही विचारलेले असते का? ही ओळ अशी का लिहिली, हा शब्द कुठून आणला, तू म्हणतोस ते मला पटत नाही, जरा समजावून सांग, असे कुणी म्हणते का? आमचा अनुभव असा आहे की म्हणत नाही. कवी ऐकवतो, समाज ऐकतो, आणि दोघे आपापल्या घरी जातात.

टाळीला आमचा विरोध नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना सभेच्या कडेलाही बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडांना माईकवर टाळी मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. पण टाळी ही नुसती पोच आहे. पत्र मिळाले एवढेच ती सांगते. पत्रात काय लिहिले होते आणि वाचणाऱ्याला त्याचे काय वाटले, हे टाळीतून कळत नाही. ज्या कवीला पंधरा वर्षे फक्त टाळ्या मिळाल्या, तो पंधरा वर्षे तीच कविता लिहीत राहतो. सूर्य, मशाल, ज्वाला, वादळ, निळे आभाळ. शब्द आपलेच आहेत, कष्टाने कमावलेले आहेत. पण इतक्या हातांतून गेले आहेत की नाण्यावरचा छाप पुसत चालला आहे. आणि त्याच वेळी पुण्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पाचवी खेप देणारा आपला मुलगा, घरमालकाने आडनाव विचारताच गप्प होणारी आपली नर्स, कंत्राटावर झाडू मारणारा आपला भाऊ, ही माणसे कवितेत फारशी येत नाहीत. आली तरी कवी त्यांच्याही हातात मशालच देतो. त्या मुलाच्या हातात मशाल नसते, खोलीभाड्याची पावती असते, हे कवीला सांगणार कोण?

आमचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर, कवितेवर आपसात बोलणे हा साहित्यिक शौक समजू नये. ते चळवळीचेच काम आहे. समतेचा सराव जर कुठे करायचा असेल, तर जिथे शाळा न शिकलेली बाई पीएच.डी. झालेल्या कवीला 'हे खोटं आहे' असे सांगू शकते आणि तो ऐकून घेतो, अशा जागी तो सर्वांत चांगला होतो.

मग आपण हे बोलणे का सोडले? त्याला कारणे आहेत आणि ती साधी नाहीत.

पहिले कारण बाहेरचे आहे. आपल्या कवितेवर बोलण्याची सुरुवात आपण केली नाही, ती प्रस्थापितांनी केली. साठ-सत्तरच्या दशकांत ही कविता छापून येऊ लागली, तेव्हा ती आक्रस्ताळी आहे, प्रचारकी आहे, कलामूल्यात कमी पडते असे शेरे मारले गेले. ज्यांनी गावकुसाबाहेरचे एक घर आतून पाहिले नव्हते, ते त्या घरातल्या भाषेला गुण देत होते. त्यामुळे 'समीक्षा' हा शब्द उच्चारला की आपल्या माणसाला अजूनही परीक्षा घेणारा मास्तर दिसतो. हे दुखणे जुने आहे. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले, तेव्हा जोतिबांनी ते नाकारले. ज्यांना सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तो नकार योग्यच होता. पण त्या नकाराचा एक अर्धा भाग आपण विसरतो. जोतिबांनी बोलणे नाकारले नव्हते. बरोबरी नसलेल्या बैठकीत बोलणे नाकारले होते. आपल्या माणसांत, बरोबरीने, लिहिण्यावर बोलण्याची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती. ती भरण्याची जबाबदारी आपली होती.

बाहेरचा प्रत्येक वाचक मास्तरच असतो असेही नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा या कवितांतले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. मराठीतला नामवंत नाटककार मराठी कवितेतल्या शब्दांचे अर्थ विचारतो आहे, हे दृश्यच उलटे होते. तोपर्यंत अर्थ सांगणारे ते आणि ऐकणारे आपण होतो. गुण देण्यासाठी विचारणे आणि कळावे म्हणून विचारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण मात्र पहिल्या प्रकाराला कंटाळून दुसऱ्यालाही दार बंद करून बसलो.

दुसरे कारण घरातले आहे आणि ते जास्त दुखते. आपल्याकडे मतभेद म्हटला की फूट आठवते. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजता मोजता एक पिढी म्हातारी झाली. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर दोन वर्षांत दुभंगली, आणि त्या भांडणात दोन्ही बाजूंना कवी-लेखकच होते. तेव्हापासून आपल्या घराघरांत एक अलिखित नियम झाला आहे : चार भिंतींच्या आतसुद्धा बोलू नका, भिंतींना कान असतात. मग कुणी कवितेतल्या एका उपमेवर शंका काढली, तरी 'हा कुणाच्या गटाचा?' असा प्रश्न आधी येतो. शंका काढणारा शहाणा होतो आणि पुढच्या वेळी टाळी वाजवून मोकळा होतो.

पण ही गप्प बसण्याची सवय आपली परंपरा नव्हे. आपल्या परंपरेत कविता ही मुळातच बोलाचाली आहे. थेरीगाथेतली पुण्णा घ्या. दासी आहे, कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरते. पाण्याने पाप धुवायला निघालेल्या ब्राह्मणाला ती तिथेच प्रश्न विचारते आणि निरुत्तर करते. अख्खी कविताच वादाची आहे. आंबेडकरी जलसे घ्या. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी १९३०च्या दशकात गावोगाव जे जलसे नेले, त्यांतही संवाद होते, प्रश्न होते, उत्तरे होती आणि समोर बसलेला गाव त्यात भागीदार होता. आमच्या विदर्भात किसन फागू बनसोडांनी कविताही लिहिल्या, वर्तमानपत्रेही चालवली आणि १९०७ साली नागपुरात मुलींची शाळाही काढली. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांची वाट बाबासाहेबांच्या वाटेपेक्षा वेगळी राहिली. म्हणून काय त्यांची कविता वाचायची नाही? वाचायची, आणि कुठे पटत नाही तेही सांगायचे. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवले, तेव्हा त्यांनी भरवलेल्या मेळाव्यांचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे : लेखक-वाचक मेळावा. नुसता लेखकांचा नव्हे. वाचकाला नावातच जागा होती.

आणि सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांचाच आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावले. छापील भाषण वाचून मंडळी बिचकली. काही भाग गाळा, काही सौम्य करा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन बारगळले, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. ही गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्यापुढची गोष्ट फार कमी जण सांगतात. त्या पुस्तकावर गांधीजींनी 'हरिजन'मधून आक्षेप घेतले. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींचे ते आक्षेप स्वतःच्या पुस्तकात छापले आणि त्यांच्या शेजारी आपले उत्तर ठेवले. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने! ज्याचा आपल्या म्हणण्यावर आणि वाचकाच्या बुद्धीवर विश्वास आहे, तोच हे करू शकतो.

या दोन घटना एकत्र ठेवल्या की आमच्या मते आपसातल्या चर्चेचा सगळा नियम त्यात येतो. जो म्हणतो 'हे गाळ, नाहीतर मंच मिळणार नाही', त्याच्यासाठी एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. आणि जो म्हणतो 'हे मला पटत नाही, कारण असे असे', त्याचे म्हणणे आपल्या पानावर जागा देऊन ऐकायचे, त्याला उत्तर द्यायचे. पहिल्याच्या हातात सत्ता आहे, दुसऱ्याच्या हातात कारण आहे. आपल्याकडे घोटाळा असा झाला आहे की या दोघांत आपण फरक करत नाही. कारण सांगणाऱ्याला शत्रू समजतो आणि मंच देणाऱ्याच्या इच्छेने कविता बदलतो.

हे सगळे तत्त्व म्हणून सांगणे सोपे आहे. आम्ही ते कामठीच्या एका वस्तीतल्या विहारात करून पाहत आहोत, म्हणून त्यातले थोडे सांगतो. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. रोज संध्याकाळी बाया पांढरी साडी नेसून येतात, एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात आणि मध्येच थांबवून विचारतातही. ही सवय तयारच होती. वर्षावास संपल्यावर महिन्यातून एका रविवारी त्याच जागी, त्याच सतरंजीवर आम्ही कविता ठेवली, एवढेच. संस्था नाही, नोंदणी नाही, बॅनर नाही. माईक नाही, शाल नाही, प्रमुख पाहुणा नाही. खुर्ची फक्त ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी.

नियम चारच आहेत. कविता कवीने स्वतः वाचायची नाही. दुसऱ्या कुणी तरी वाचायची, आणि दोनदा वाचायची. सगळ्यांचे बोलून होईपर्यंत कवीने गप्प बसायचे, कारण छापून आलेल्या कवितेबरोबर कवी स्पष्टीकरण द्यायला घरोघरी जात नाही. पहिल्यांदा बोलण्याचा मान ज्याने कधी काही लिहिले नाही त्याला. आणि 'छान', 'कडक', 'जबरदस्त' हे शब्द वर्ज्य. काय दिसले, काय कळले नाही, काय खोटे वाटले ते सांगायचे. पहिल्या दोन-तीन बैठकांत लोकांना तिसरा आणि चौथा नियम फार जड गेला. बाया म्हणायच्या, आम्ही काय सांगणार, आम्ही तर अडाणी. पण एकदा तोंड उघडले की मग थांबत नाहीत.

एका तरुणाने आपल्या आजीवर कविता आणली होती. आजी बिडी वळते, तिच्या बोटांतून ठिणग्या उडतात, त्या ठिणग्यांतून क्रांतीची आग पेटते, अशी ती रचना. मंचावर ही कविता त्याने अनेकदा म्हटलेली, दरवेळी टाळ्या घेतलेल्या. कविता दुसऱ्यांदा वाचून झाली, तेव्हा आयुष्यभर बिड्या वळलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाबू, बिडी वळणाऱ्याच्या हातात इस्तू कुठी रायते? जर्दा रायते. इस्तू तं पिणाऱ्याजवळ रायते."

सगळे हसले, मग सगळे गप्प झाले. आजींनी पुढे सांगितले ते असे. तेंदूची पाने भिजवून ठेवावी लागतात, म्हणून हात दिवसभर ओलसर. तंबाखूची धूळ नाकात जाते, रात्री खोकला थांबत नाही. कात्रीने पाने कापून कापून अंगठ्याला घट्टा पडतो. हजार बिड्यांमागे मजुरी ठरलेली, पण ठेकेदाराकडे माल गेला की मुनशी छाट काढायचा. ही वाकडी, ही सैल, ही आखूड म्हणून मूठमूठ बाजूला. छाट काढलेल्या बिडीचे पैसे नाहीत, आणि ती बिडी परतही नाही. "तेच बिड्या मंग तो फेकते का? नाही फेकत," एवढे बोलून त्या थांबल्या.

त्या पोराच्या कवितेत आग होती, शोषण नव्हते. शोषण त्या 'छाट' शब्दात होते, आणि तो शब्द त्याच्या स्वतःच्या घरात होता. पुढच्या महिन्यात त्याने कविता पुन्हा आणली. ठिणग्या गेल्या होत्या. कविता निम्मी झाली होती आणि तिचे नाव 'छाट' होते. ती मंचावर टाळ्या घेईल की नाही, आम्हाला सांगता येत नाही. पण ती वाचून झाल्यावर त्या आजींनी जे केले ते आम्ही पाहिले आहे. त्यांनी त्या कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. वाचता येत नसतानाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ज्या 'जयभीम'ने आपण एकमेकांना भेटतो, त्या अभिवादनाचा प्रसार करणारे बाबू हरदास एल. एन. याच कामठीचे. त्यांनी बिडी कामगारांना संघटित केले, १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली ऐन पस्तिशीत गेले. म्हणजे आपले अभिवादन बिडी कामगारांच्या वस्त्यांतून वाढले, आणि आपल्या कवितेला मात्र बिडी कशी वळतात हे ठाऊक नाही! ही तुटलेली दोरी नुसत्या भाषणाने जोडली जात नाही. ज्याला काम माहीत आहे आणि ज्याला शब्द माहीत आहेत, ते दोघे एका सतरंजीवर बसून एकमेकांना दुरुस्त करू लागले, तरच ती जोडली जाते.

दुसरा प्रसंग इतका सुखाचा नाही. एका ताईने कविता दिली, नाव घालू नका म्हणाली. कवितेत घर आहे. खुंटीला नवऱ्याचे निळे उपरणे टांगलेले आहे. नवरा दिवसभर समतेवर बोलून आला आहे. आणि त्या उपरण्याखाली तो तिला मारतो आहे. कविता वाचून होताच दोन ज्येष्ठ कार्यकर्ते उठून उभे राहिले. एकाचे म्हणणे, हे विहारात वाचायचे नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे जास्त समजुतीचे होते : मारहाण ठेवा, उपरण्याचा रंग काढा. विरोधकांच्या हातात आपण होऊन कोलीत का द्यायचे?

हा प्रश्न आम्ही उडवून लावत नाही. आपल्यावर रोखलेल्या नजरा खऱ्या आहेत. आपल्या माणसाचा एक दोष दिसला की अख्ख्या समाजाला धरून बोलणारे लोक आहेत, आणि त्याचा मार आपणच खातो. पण उत्तर देताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. विहारात हे वाचू नये म्हणणाऱ्यांना आम्ही तिथल्याच कपाटातली थेरीगाथा दाखवली. खुद्दकनिकायातल्या या ग्रंथात सुमंगलमाता आहे. मुसळापासून सुटले, निर्लज्ज नवऱ्यापासून सुटले, असे ती मोकळेपणाने सांगते. ज्यांनी ही वाणी शतकानुशतके जपली, त्या भिक्खुसंघाला एका गरीब बाईचे घरातले दुःख धम्माची बदनामी वाटले नाही. ते त्यांना त्रिपिटकात ठेवण्यासारखे वाटले. मग आपल्याला विहारात ते ऐकण्याची लाज का वाटावी?

आणि दुसरी गोष्ट रंगाची. निळा रंग काढला तर कविता कोणत्याही नवऱ्याची होते. ती कोणत्याही नवऱ्याची कविता नव्हती. जो माणूस समता बोलतो त्याच्याकडून तिने समतेची अपेक्षा केली, आणि ती मोडली, हेच तिचे दुःख आहे. त्या रंगावर तिचा विश्वास नसता तर तिला तो दिसलाच नसता. निळा रंग तिच्या कवितेत आरोपी म्हणून आलेला नाही, साक्षीदार म्हणून आला आहे. रंग काढा म्हणणे म्हणजे साक्षीदार काढा म्हणणे.

त्या दोघांपैकी एक जण निघून गेले, ते अजून आलेले नाहीत. दुसरे बसून राहिले. चर्चा पुढे चालू राहिली, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने कुणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न विचारला : "त्या राती पोरगं कुठी होतं वं?" कवितेत मूल नव्हते. ताई नियमाप्रमाणे गप्प होती. तिने मान खाली घातली.

पुढच्या महिन्यात कविता परत आली. उपरणे होते तिथेच होते, निळेच होते. पण आता कवितेत एक मूल होते. दाराच्या फटीतून पाहणारे. ते मूल नवऱ्याकडे पाहत नव्हते, उपरण्याकडे पाहत होते. जे म्हणाले होते रंग काढा, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले की हे मूल आता किती वर्षांचे आहे. ताईने उत्तर दिले. कविता अजून कुठे छापायला दिलेली नाही. द्यायची की नाही हा निर्णय तिचा आहे, आणि त्यात आम्ही कुणी पडणार नाही. घरात काय करायचे, कायद्याचा आधार कसा घ्यायचा, हे बोलणे वेगळे. ते आमच्यातल्या बायांनी तिच्याशी वेगळे बसून केले आहे. कविता हे त्या कामाला पर्याय नाही. पण ती वाचली गेली नसती, तर ते बोलणे सुरूच झाले नसते.

आता बाबासाहेबांच्या त्या दोन घटना पुन्हा पाहा. 'रंग काढा' ही मंडळाची भाषा होती. तिच्यापुढे स्वल्पविरामही हलला नाही. 'मूल कुठे होते' हा वाचकाचा प्रश्न होता. त्याला जागा मिळाली आणि कविता मोठी झाली. दोन्ही वेळा शेवटचा शब्द कवयित्रीचा राहिला. आपसातल्या चर्चेत वाचकाला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, थांबवण्याचा नाही. कवीला ऐकण्याचे बंधन आहे, मानण्याचे नाही. एवढे पाळले तर मतभेदातून फूट पडत नाही. फूट विचारण्यातून पडत नाही; ज्यांना विचारू दिले नाही ते निघून जातात, त्यातून पडते.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की शाळा न शिकलेल्या माणसांना कविता काय कळणार, चर्चा ही शिकलेल्यांची गोष्ट. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती बालपणी शाळेत नव्हे, तरुणपणी. त्यांची गाणी ज्यांना तोंडपाठ होती, त्या बाया-माणसांतल्या कितीतरी जणांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. ज्यांनी ही परंपरा तोंडाने आणि कानाने जिवंत ठेवली, त्यांनाच कवितेतले कळत नाही म्हणणे हा आपल्यातला नवा ब्राह्मण्यवाद आहे. पदवी मिळाली म्हणून तो कमी होत नाही. उलट कधी कधी पदवीबरोबरच तो घरात येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अत्याचार होत आहेत, आरक्षण पोखरले जात आहे, नोकऱ्यांचे कंत्राटीकरण झाले आहे, शिष्यवृत्त्या रखडत आहेत, आणि तुम्ही स्वल्पविरामावर बसून बोलता? आमचे उत्तर असे की या सगळ्या लढायांसाठी जी माणसे लागतात, ती कुठे घडतात ते बघा. मोर्चात घोषणा देता येते, पण घोषणा देणाऱ्याला तुझे चुकते असे सांगता येत नाही. तिथे ते शक्यही नसते. नेत्याला प्रश्न विचारण्याची हिंमत ज्याला पुढे लागणार आहे, त्याने आधी कधीतरी मित्राच्या कवितेवर प्रश्न विचारून पाहिलेला असावा. आणि ज्याला उद्या नेता व्हायचे आहे, त्याने वीस मिनिटे गप्प बसून आपल्याच ओळीवरचे आक्षेप ऐकण्याची सवय लावून घेतलेली असावी. बंधुता हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आहे. तो आपोआप अंगी येत नाही. ज्याच्याशी बरोबरीने भांडता येते आणि भांडून पुन्हा एका ताटात जेवता येते, तोच बंधू किंवा भगिनी.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींना आमची विनंती आहे. कविसंमेलने जरूर करा. पण त्यांच्या जोडीला महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा, जिथे माईक नसेल. विहार आहे, समाजमंदिर आहे, वसतिगृहाची गच्ची आहे, अभ्यासिका आहे. दहा माणसे पुरेत. कवितेच्या ठळक अक्षरांतल्या दहा झेरॉक्सला चहापेक्षा जास्त खर्च येत नाही. ज्येष्ठांना बोलवा, पण अध्यक्ष करू नका. बायांना बोलवा आणि आधी बोलू द्या. ज्याची कविता आहे तो तुमचा जवळचा मित्र असेल, तर त्याच्या कवितेवर जास्त बोला, कमी नव्हे. आपल्या गटाबाहेरच्या कवीची कविता मुद्दाम ठेवा. ती वाचताना नाव झाकून वाचा. जे पटत नाही ते कारणासह सांगा. जे कळले नाही ते 'कळले नाही' म्हणून सांगायला लाजू नका, कारण ते ऐकायला कवीला फार क्वचित मिळते.

आणि कुणी दारात उभा राहून म्हणाला, हे गाळा, ते सौम्य करा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला जागा मिळणार नाही, तर त्याला आदराने चहा द्या, बसायला सतरंजीवर जागा द्या, आक्षेप काय तो कारणासह मांडायला सांगा. कारण असेल तर तो बसेल. नसेल तर स्वल्पविराम जिथे आहे तिथेच राहू द्या.

जयभीम!